खोपट जाळणाऱ्याची बायको

कबाले भागातल्या साऱ्या टेकड्यांवर माझ्या नवऱ्याला एकाच नावाने ओळखतात, खोपट जाळणारा एरिया. चाळीस वर्षांपूर्वी तो प्रभूकडे वळला, त्याचं तारण झालं आणि त्याच दिवशी त्याने अंगणातलं पितरांचं खोपट पेटवून दिलं. त्याचे वाडवडील तिथे आत्म्यांना ज्वारीची दारू वाहायचे. हे सगळं खरं आहे. मी तेव्हा नवी नवरी होते, धूर माझ्याही डोळ्यांत गेला होता. पण तेव्हापासून दर गुरुवारी बंधुभगिनींच्या बैठकीत तो तेच खोपट नव्याने जाळतो, आणि मला त्या धुराचा वीट आलाय.

आपलं तारण कसं झालं ते सर्वांसमोर सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. त्याची साक्ष मला तोंडपाठ आहे. "आई दारात रडत होती," इथे तो थांबतो, खिशातून रुमाल काढतो, मग म्हणतो, "पण मी मागे वळून पाहिलं नाही." बायका डोळे पुसतात. पुढे तो शिकवतो की लाकडामातीची मूर्ती जाळणं सोपं, काळजात बसलेली ओळखणं अवघड. हे ऐकताना हसावं की रडावं, मला कळत नाही.

एक गोष्ट तो कधीच सांगत नाही. खोपटाच्या आढ्याला एक टोपली टांगलेली होती. माझी नणंद न्यामिशाना नऊ वर्षांची असताना तापाने गेली. ती टोपली तिने विणायला घेतलेली, अर्धीच राहिलेली. तेवढी काढ रे, म्हणून सासूबाई ओरडत होत्या. त्याने काढली नाही. त्याच दिवशी त्या वरच्या टेकडीवर धाकट्या दिराकडे निघून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

ज्याचा अपराध केला त्याच्या दारी जाऊन माफी मागायची, ही आमच्या बैठकीची रीत. शेजाऱ्याच्या शेळीला दगड मारला तरी एरिया जाऊन माफी मागून आलाय. आईच्या दारी मात्र नाही. तिथे माफी मागितली असती तर एवढ्या सुंदर साक्षीला भोक पडलं असतं ना.

गेल्या महिन्यात दिराची मुलगी खाली आली. आजीने तीन दिवसांपासून पेज सोडलीय, म्हणाली, आणि सारखी मोठ्या काकांचं नाव घेते.

"रविवारी मेळावा आहे," एरिया म्हणाला. "साक्ष दिली की तसाच वर जातो."

"अहो, त्या थांबतील का रविवारपर्यंत?"

"प्रभू थांबवेल."

मी घेवड्याचं भांडं असं आदळलं की चूल विझायची बाकी होती. तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, तो परसात रुमाल काढायची तालीम करत होता.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. साक्ष देणारा स्वतःचेच गोडवे गाऊ लागला की कुणीही बसल्या जागी स्तुतिगीत उचलतं, सगळे ते धरतात, आणि बोलणाऱ्याने गपचूप खाली बसायचं. एरियावर आजवर कुणी गीत उचललं नव्हतं.

रविवारी मैदान भरलं होतं. तो "आई दारात रडत होती" इथे पोचला, थांबला, हात खिशाकडे गेला. मी उभी राहिले आणि गायला लागले. माझा आवाज घोगरा, सूर कुठल्या कुठे. पण साऱ्या मैदानाने गीत धरलं. पवित्र आत्मा माझ्यावर उतरला, असं लोक नंतर म्हणाले. आत्मा कसला, संताप होता नुसता.

एरिया रुमाल हातात धरून उभाच राहिला. मग मंचावरून उतरला आणि माझ्याकडे न बघता वरच्या वाटेला लागला. मी मागोमाग गेले.

सासूबाई चटईवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पावलं ओळखून त्यांनी मान वळवली. देवांचं नाव काढलं नाही, खोपटाचंही नाही.

"टोपली कुणाची, तुला ठाऊक होतं ना?"

तो उंबऱ्याशीच खाली बसला.

"होतं, आई."

"मग बस इथे," त्या म्हणाल्या. त्याच्या हातून त्यांनी दोन घोट पेज घेतली. चौथ्या दिवशी गेल्या. मी पोटभर रडले, आणि वाटलं, त्या साक्षीतून सुटलो एकदाचे.

पुढच्या गुरुवारी बैठकीत एरिया उठला. "बंधूंनो, आई चटईवर पडली होती," म्हणाला, आणि थांबला. हात खिशाकडे गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गायला तोंड उघडलं, आणि दिसलं की साऱ्या बायका आधीच माझ्याकडे वळल्यात. ती बघा, मैदानात गीत उचलणारी केझिया, अशा कौतुकाने बघत होत्या.

मला ते आवडलं. फार आवडलं. तोंड तसंच उघडं राहिलं, आणि पुढे एरिया रुमाल काढत होता.