आत्याचं मशीन आणि मंडपवाल्यांचा बल्ब

तुमच्या घरात कुणाचा श्वास विजेच्या मशीनवर चालत असेल, तर लाईट गेल्यावर जनरेटरची किंवा बॅटरीची जी वीज तुम्ही त्या मशीनला देता, ती कशी आहे हे तुम्ही कधी तपासलंय का? वीज आहे का, हे सगळेच बघतात. मी विचारतेय, कशी आहे?

आमच्या गावात मी हे विचारलं तेव्हा लोक हसले होते. बेंबळीच्या पुढं आमचं गाव. माझी आत्या तिथं राहते. जन्मभर चुलीपुढं बसून तिची फुप्फुसं निकामी झाली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लिहून दिलं. ते तिच्या खाटेशेजारी घरघरत असतं, खोलीतलीच हवा ओढतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीनं तिच्या नाकात सोडतं. त्याला ती 'माझी म्हैस' म्हणते. "दावणीला बांधल्यावानी नाकात येसण घालून बसलीय म्या, आन म्हैस म्हणती त्याला," असं म्हणून स्वतःच हसते आणि हसताना धाप लागते.

त्या उन्हाळ्यात वादळानं खांब आडवे झाले आणि गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. "सामान आलं की बसवू," असं उत्तर मिळालं. सामान कधी येणार हे सांगायला कुणी बांधील नव्हतं. मग गावानंच पुढाकार घेतला आणि मंडपवाल्या मामांचा जनरेटर आणला. लग्नात डीजे आणि रोषणाई ज्याच्यावर चालते तोच, लोखंडी गाड्यावरचा. त्याच्यावर पिठाची छोटी गिरणी चालवायची आणि आत्याचं मशीन. हे सगळं चांगुलपणानं झालं. माझा राग त्यामुळं कमी होत नाही, वाढतो.

जनरेटर पारखायची आमच्याकडं एक रीत आहे. मामांकडं दोनशे वॅटचा जुना पिवळा बल्ब आहे. तो चिरगुटात गुंडाळून ते जिवापाड जपतात. जनरेटर कुठंही नेला की आधी नारळ फोडायचा, मग बांबूवर तो बल्ब टांगायचा आणि इंजिन सुरू करायचं. बल्ब भगभगला, डोळे दिपले की लोक म्हणतात, "मशीन दणकट हाय." उजेड मिणमिणता वाटला तर मामा इंजिनाचा वेगाचा स्क्रू जरा पिळतात. इंजिन ओरडतं, बल्ब पांढराफट होतो आणि सगळे खूश. त्या दिवशीही तसंच झालं. बल्ब असा लागला की लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग आत्याच्या मशीनचा प्लग घातला.

दुपारी मशीननं कर्कश शिट्टी मारली, मागच्या जाळीतून धूर आला आणि ते बंद पडलं. आत्याचे ओठ निळे पडले. जीपमध्ये घालून तिला तालुक्याला नेलं म्हणून ती राहिली. दवाखान्यानं दोन दिवसांनी तिला एक सिलिंडर देऊन घरी पाठवलं. जळालेल्या मशीनमध्ये नवीन कार्ड, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी, बसवून घेतलं. दुरुस्त करणाऱ्यानं एवढंच सांगितलं, "पुन्हा गेलं तर कार्ड मिळणार नाही."

मी तेव्हा सोलापुरात विजेची पॅनेल बनवायच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. वडिलांचा फोन आला. माझे वडील पत्रकं काढणारे. पाणी, रेशन, एसटी, कशावर तरी त्यांचं पत्रक सतत चालू असायचं. पाठकोऱ्या पत्रकांवर मी बाराखडी गिरवली आणि पुढच्या बाजूला 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. फोनवर ते म्हणाले, "सिलिंडर उद्यापर्यंत पुरंल. तुझ्या चुलतभावानं नवा इन्व्हर्टर आणलाय. पण मला भरवसा वाटंना. तू ये, तुझी यंत्रं घेऊन ये."

मी वर्कशॉपमधून मीटर आणि विजेची लाट पडद्यावर दाखवणारा हातात मावेल एवढा स्कोप मागून घेतला आणि पहिल्या एसटीनं निघाले.

घरी पोचले तर अंगणात जत्रा. गिरणी आमच्या घराला लागूनच, त्यामुळं बाया दळणाचे डबे घेऊन बसलेल्या. मामा जनरेटरपाशी. आत्या ओसरीवर उशांना टेकून, शेजारी सिलिंडर. त्याच्या घड्याळातला काटा लाल पट्ट्याच्या जवळ आलेला. सगळे त्या काट्याकडं बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

चुलतभाऊ पुढं आला. "ताई, आता जनरेटरचं टेन्शनच न्हाय. ह्यो बघ, नवा कोरा. पंखा कसा घुमतोय बघ!"

पंखा घुमत नव्हता, कण्हत होता. घुंऽऽ घुंऽऽ असा आवाज. पण आमच्याकडं आवाज म्हणजे जोर, हे ठरलेलं आहे. मी स्कोप लावला. चांगल्या विजेची लाट गोलसर चढते, गोलसर उतरते. इथं पडद्यावर सरळ भिंती आल्या. वर सपाट, खाली सपाट, मध्ये खड्या कडा.

वाकून बघणारी एक पोरगी म्हणाली, "ही तर नळदुर्गाची तटबंदी!"

"ह्या तटबंदीवर पंखा कण्हतो," मी म्हणाले. "आत्याच्या मशीनची मोटार नुसती तापेल. तापली की बंद."

मग मी कपड्यांची इस्त्री लावली, बॅटरीवर ओझं पडल्यावर काय होतं ते बघायला. इन्व्हर्टरनं टुंऽ टुंऽ केलं आणि पंख्यासकट सगळं गप्प झालं. पेटीवरचा हिरवा दिवा मात्र इमानदारीनं जळत होता.

भावानं दुकानदाराला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "ओ शेट, तुमाला म्या काय सांगितलं होतं? ऑक्सिजनच्या मशीनसाठी पायजे म्हणून?"

"टीव्ही चालतो ना? पंखा चालतो ना?"

"पण मशीन..."

"मग ते मशीनवाल्याला विचारा की भाऊ."

मशीन विकणाऱ्यालाही मी फोन केला. तो म्हणाला, "लाईटचं आमच्याकडं येत नाही, मॅडम."

ऐका नीट. श्वासाचं मशीन विकणाऱ्याकडं लाईटचा विषय येत नाही आणि लाईटची पेटी विकणाऱ्याकडं श्वासाचा. डॉक्टर मशीन लिहून देतात, ते कुठल्या विजेवर चालेल हे लिहीत नाहीत. डीपी जळते आणि ती बदलायची कुणालाच घाई नसते. एवढ्या सगळ्या शहाण्या माणसांच्या मधोमध एक म्हातारी बाई नाकात नळी घालून बसलेली असते आणि तिच्यासाठी वीज पारखायला उरतो कोण? मामांचा बल्ब. मला त्या अंगणात उभ्या उभ्या कुणाला तरी गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि हलवावं असा माणूस एकही तिथं हजर नव्हता. असे लोक कधीच हजर नसतात.

"झाली का परीक्षा?" मामा म्हणाले. "लाव आता जनरेटरला. पोरी, आख्ख्या तालुक्यातली लग्नं लागली ह्याच्यावर. एका नवरदेवाची तक्रार न्हाय."

"मामा, नवरदेवाला कार्ड नसतं जळायला."

"टाळकं बी नसतंय, म्हणून टिकतेत," डबेवाल्या बायांतली एक म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

मी जनरेटर सुरू करायला लावला. बांबूवर बल्ब होताच, भर दुपारीही डोळ्यांत खुपेल असा. दोनशे तीस व्होल्टच्या आसपास हवा तिथं मीटरचा आकडा दोनशे ऐंशीच्या पुढं गेला.

"म्हंजे जास्तच हाय की!" मामांचा चेहरा फुलला. "कमी तर न्हाय ना?"

मागून कुणीतरी म्हणालं, "जास्त हाय तर उलट बरंच की." माना डोलल्या. आमच्या गावाला आयुष्यभर कमीच मिळालं. पाणी कमी, एसटी कमी, लाईट कमी. जास्त मिळालेली एखादी गोष्ट माणूस मारू शकते, हे त्यांनी का मानावं?

मी गिरणी लावायला सांगितली. पट्टा फिरला, इंजिन दबलं, आकडा धाडकन खाली आला आणि बल्ब पिवळा झाला. मग म्हणाले, "आता एकदम बंद करा." गिरणी थांबली तसं इंजिन उधळलं. आकडा तीनशेच्या पार गेला, बल्ब पांढरा झाला, आणि मग हळूहळू सगळं जागेवर आलं.

"त्या दिवशी मशीन पेटलं तेव्हा गिरणी चालू होती का?" मी विचारलं.

मघाशी टाळक्यावरून बोलणारी बाई डबा खाली ठेवत उभी राहिली. "माझं दळण चालू होतं," ती म्हणाली. "संपलं, गिरणी बंद केली, आन लगीच इकडं बोंब झाली. लगीच." तिनं तोंडावर पदर धरला. "म्हंजे माझ्या पिठापायी व्हय?"

आत्याच बोलली, दोन-दोन शब्दांनी, मध्ये श्वास घेत. "तुझ्या पिठाचा... काय दोष, बये. भाकरी तर... समद्यांनीच खाल्ली."

भाऊ काट्याकडं बघत होता. "ताई, काटा लालमधी गेला. लाव की गं आता काय असंल ते! थोडा येळ तरी चालंल." दोन-चार जणांनी त्याची री ओढली. मशीनचा प्लग त्याच्या हातात होता.

आत्यानं त्याचं मनगट धरलं. "आधी हिचा मीटर," ती म्हणाली. "मग माझं नाक."

सिलिंडर संपत आलेली बाई हे म्हणत होती. भावानं प्लग खाली ठेवला.

मामांनी एकदा बांबूवरच्या बल्बाकडं बघितलं. मग पाना घेऊन वाकले आणि स्वतःच्या हातानं स्क्रू उलटा फिरवायला लागले. इंजिनाची ओरड उतरली. मी आकडे मोठ्यानं सांगत होते, ते थोडं थोडं फिरवत होते. विजेचे हेलकावे सेकंदाला पन्नासच्या जवळ आले, व्होल्टेज हवं तिथं आलं. दोनशे वॅटचा तो बल्ब आता साध्या घरातल्या बल्बासारखा दिसत होता.

"गेली माझ्या बल्बाची अब्रू," मामा पुटपुटले. "आता कोण बोलावतंय लग्नाला मला."

"नवरी तरी नीट दिसंल," कुणीतरी म्हणालं. या खेपेला मामाही हसले.

पण एक गोष्ट उरली होती. डीपी येईपर्यंत त्या जनरेटरवर गिरणी चालवायची नाही. हे बोलायला मला जड गेलं, कारण डबे घेऊन बसलेल्या बाया सकाळपासून ताटकळत होत्या. मला बोलावंच लागलं नाही. तीच बाई उठली, तिनं गिरणीवाल्याला पट्टा काढायला लावला आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला गं, जीपमधी टाका डबे. बेंबळीला दळू." एकीनं कुरकुर केली तशी तिनं तिचा डबाच उचलला. पुढं लाईट येईस्तोवर गावाचं दळण जीपनं बेंबळीला जात राहिलं.

मी इस्त्री लावून बघितली, काढून बघितली. आकडा किरकोळ हलला. स्कोपवर लाट आली, थोडी वेडीवाकडी, पण लाटच. मग प्लग घातला. मशीन घरघरलं. शिट्टी नाही, धूर नाही. भावानं सिलिंडरची नळी काढून मशीनची लावली. आत्यानं डोळे मिटले.

"गार लागतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "म्हैस पान्हावली."

इन्व्हर्टर भावानं उमरग्याच्या त्या दुकानात परत नेला. "चालू तर आहे की," असं म्हणून दुकानदारानं तो तसाच कपाटात मांडून ठेवला. म्हणजे तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाईल, आणि तिथंही पंखा घुमला की लोक खूश होतील. ते कपाट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

वडील म्हणतात, ज्या पत्रकाच्या शेवटी मागणी नसते ती नुसती कुरकुर. म्हणून मागते. माझं सगळं विसरलात तरी चालेल, पण उद्या दुपारी, उजेड असताना, चार माणसं हाताशी असताना, तुमच्या नाहीतर शेजारच्या ज्या घरात असं मशीन आहे तिथं जा. मशीनवर असलेल्या माणसाला आधी सिलिंडर लावा. मग गावातल्या वायरमनला मीटर घेऊन बोलवा. जनरेटर असो की इन्व्हर्टर, त्याच्यावर इस्त्री लावून आणि इस्त्री काढून, दोन्ही वेळा आकडा दोनशे तीसच्या आसपास राहतो का, हे तुमच्या डोळ्यांनी बघा. पंखा कण्हला तर ती पेटी त्या मशीनला लावू नका. आणि कुणी म्हणालं, "बल्ब तर लागला ना," तर त्या माणसाच्या हातातून प्लग काढून घ्या.