शेवटचा रकाना

माझा धाकटा भाऊ आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. मी दिव्यांच्या झोतात आणि तो विंगेत स्टुलावर, मांडीवर वही घेऊन. माझं वाक्य अडलं की त्याचा आवाज यायचा. पहिल्या रांगेला कळू नये इतका हळू आणि मला पुरेल इतका स्पष्ट. टाळ्या मी घेतल्या. त्याला कधी पडद्यापुढे बोलावलं नाही, आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. आज त्याची लाज वाटते.

कंपनी बंद पडल्यावर तो विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागात परिचर म्हणून लागला. साठ काचेच्या पेट्या, प्रत्येकीत एक पाल. पाल संकटात शेपटी टाकते, मग नवी येते. ती किती दिवसांत येते, पहिलीइतकी लांब होते का, याचं संशोधन विभागाचे सर करत होते. म्हणजे पालींना किडे घालणं, चिमट्याने शेपटी हलकेच धरून पालीला ती टाकू देणं, दर सोमवारी नवी शेपटी मोजून वहीत लिहिणं, हे माझा भाऊ करत होता आणि सर संशोधन करत होते.

"ताई, नव्या शेपटीत मणके नसतात," तो चहा पिताना सांगायचा. "आत नुसती कूर्चेची नळी. बदली नटासारखं. प्रयोग निभावतो, पण पहिला तो पहिलाच."

"साठ पालींची मापं तोंडपाठ आहेत यांना," वहिनी म्हणायची. "लेक कितवीत आहे ते विचारून बघा."

मग सरांनी जास्त उबेचे नवे दिवे आणले. वरच्या फळीवरच्या तीस पेट्यांना नवे, खालच्या तीस पेट्यांना जुने. तीन महिन्यांत वरच्या पालींच्या शेपट्या भराभर वाढल्या. उबेने शेपटी लवकर येते, असा लेख सरांनी छापून आणला. हारतुरे झाले. भावाने खुर्च्या मांडल्या.

दुसऱ्या दिवशी जुनी वही चाळताना त्याचं बोट एका रकान्यावर थांबलं. टाकलेली शेपटी वळवळायची थांबली की पेटीतून लगेच काढायची, असा नियम. खालच्या फळीवरच्या तो लगेच काढायचा. वरच्या फळीसाठी त्याकरता पुन्हा स्टुलावर चढावं लागे आणि त्याचे गुडघे गेलेले. म्हणून वरच्या सगळ्या शेपट्या तो संध्याकाळी एकदाच चढून काढायचा. तोवर तीसपैकी तेवीस पेट्यांत शेपटी उरली नव्हती. पालीने स्वतःचीच खाल्लेली. शेपटीत पाल चरबी साठवते, म्हणजे पोटभर खुराक. त्याने प्रत्येक वेळी वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'शेपटी मिळाली नाही'. त्या रकान्याकडे सरांनी ढुंकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

तो तसाच सरांकडे गेला. "सर, चूक माझी आहे. वरच्या पालींनी शेपट्या खाल्ल्या. फरक दिव्याने पडला की खाण्याने, सांगता येणार नाही."

"मामा, आता शास्त्र तुमच्याकडून शिकायचं का आम्ही?" सर म्हणाले. "लेख छापून झाला. जा, किडे घाला."

आठ महिन्यांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. तसेच दिवे लावून पाहिले, काहीही फरक नाही. सरांनी उलट कळवलं, आमच्या परिचराने मापं चुकीची घेतली. आणि भावाला नोटीस: कामावरून का काढू नये, सात दिवसांत खुलासा द्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जीव वाचवायला पाल शेपटी टाकून पळते, तिला मी दोष देत नाही. या शिकल्यासवरल्या माणसाने खुर्ची वाचवायला माझा भाऊ टाकला. "नोकरी गेली तर जाऊ दे," भाऊ म्हणाला, "पण माझी मापं खोटी नाहीत, ताई." रात्रभर तो तेवढंच म्हणत राहिला.

विभागात खुलाशाची सभा ठेवली. मी जाऊन शेवटच्या रांगेत बसले. मला कोणी अडवलं नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघून अडवायची कोणाची छाती झाली नसावी. भाऊ पाण्याचे ग्लास घेऊन दाराशी उभा, वही काखेत. सर बोलायला उठले.

"वरच्या पेट्यांमधली मापं विश्वासार्ह नव्हती, कारण..." आणि अडखळले. कागदात बघू लागले.

तेवढ्यात दाराकडून विंगेतला तो आवाज आला.

"पालींनी शेपट्या खाल्ल्या."

"कोण बोललं?" सभेच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी, बाई. मापं बरोबर आहेत. शेपट्या वेळेवर काढल्या नाहीत, ती चूक माझी. वहीत आहे."

बाईंनी वही मागवली, पानं उलटली. "शेपटी मिळाली नाही. शेपटी मिळाली नाही. तेवीस वेळा लिहिलंय." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "हा रकाना तुम्ही वाचला होता?"

सरांनी ग्लास उचलला. भावानेच भरलेला.

प्रयोग पुन्हा झाला. सगळीकडे एकच दिवा, अर्ध्या पेट्यांतून शेपटी लगेच काढलेली, अर्ध्यांत राहू दिलेली. शेपटी खाल्लेल्या पालींची नवी शेपटी लवकर वाढली. नोटीस मागे घेतली. सहा ओळींची दुरुस्ती छापली, सरांच्या नावाने. 'पुढील निरीक्षणांत असं आढळलं' एवढंच. निरीक्षण कोणाचं, एक अक्षर नाही.

"वाक्य वेळेवर पडलं ना, मग झालं," भाऊ म्हणतो. सोमवारी पुन्हा स्टुलावर चढतो.

माझं झालेलं नाही. दुरुस्तीची दुरुस्ती छापा, असं पत्र मी अध्यक्षबाईंना पाठवलं आहे. उत्तर नाही आलं तर त्यांच्या सभागृहात जाऊन तोंडी सांगेन. मला माइक लागत नाही.