घर तुमचंच समजा

एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला फसवलं. पैशांत नाही, एका गोड वाक्यात.

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, आणि रत्नागिरीत जो तो बंगला बांधायला निघाला होता. या गुरुजींच्या बंगल्याचं काम मी घेतलं. लादी दाखवा, नळ दाखवा, ते हसून म्हणायचे, "घर तुमचंच समजा." मी डोक्यावर चिरे वाहून ठेकेदार झालेला माणूस. मला एवढ्या मानाने कोणी बोललं नव्हतं. जांभ्या दगडाच्या एकेका गाडीच्या भावावरून तासभर हुज्जत घालणारा मी, गुरुजींपुढे विरघळायचो.

स्लॅबच्या वेळी मात्र घसा फोडून सांगितलं, इथल्या पावसाला सपाट गच्ची टिकत नाही. उतार काढू, नाहीतर वर पत्रे घालू. गुरुजींना आमसुलं वाळवायला सपाट जागा हवी होती. पत्र्यांमुळे म्हणे बंगल्याचा गोठा होतो. ओटीवर त्यांचे मेहुणे सुपारी कातरत होते, तेही हसले. शेवटी गुरुजी म्हणाले, "उतार नको. पावसाचं मी बघतो, तुम्ही बांधा."

दुसऱ्याच पावसात देवघर गळलं. गुरुजींनी पावसाचं बघितलं ते असं, की थेट ग्राहक मंचात गेले. माझ्याकडे लेखी काही नव्हतं. गुरुजींकडे सही मागायची म्हणजे सरस्वतीकडे दाखला मागण्यासारखं.

सपाट गच्चीचा निर्णय कोणाचा, असं मंचाने विचारल्यावर गुरुजी प्रार्थनेला उभे राहावेत तसे उभे राहिले.

"मी यांना पहिल्या दिवसापासून सांगत होतो, घर तुमचंच समजा. यांनी तसंच समजून सगळं ठरवलं."

मेहुण्यांनी साक्ष दिली. हे वाक्य त्यांनी स्वतः ऐकलं होतं. उताराचं बोलणं झालं तेव्हा नेमके ते तोंड धुवायला मागीलदारी गेले होते म्हणे.

जबाबदारी ठेकेदाराची ठरली. गच्ची फोडून पदरच्या खर्चाने उतार काढून दिला. गुरुजींनी चहा पाजला, आणि तो माझाच समजायला सांगितला नाही. लांज्यापासून चिपळूणपर्यंत माझं नाव 'गळका ठेकेदार' पडलं. अजून गिऱ्हाईक आधी छताकडे बघतं, मग माझ्याकडे.

गुरुजींना मी काही विचारणार नाही, ते उत्तरादाखल सुभाषित ऐकवतील. विचारायचंय ते मेहुण्यांना. गाडीभाडं माझं. हेदवीला चला, दशभुज गणपतीसमोर उभे राहा आणि मोठ्याने सांगा, "उतार नको" असं कोण म्हणालं?