व्रोत्सवाफची न सोडलेली गाठोडी

माझा धाकटा भाऊ पोलंडला गेला त्याला बरीच वर्षं झाली. नगरच्या एमआयडीसीत तो चांगला चिकटला होता, पण कुठल्याशा एजंटामार्फत तिकडच्या वॉशिंग मशीनच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि दोन वर्षांत परत येतो म्हणून गेला. आई मिरजगावला एकटी असते. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला की ती आधी विचारायची, "कवा येतूस?" तो म्हणायचा, "बघू, दिवाळीला." कुठली दिवाळी, ते त्यानं कधी सांगितलं नाही. आईनं मात्र तेवढ्यात स्लॅबवर त्याच्यासाठी खोली चढवली, फरशी बसवली आणि तिकडची सवय झाली असेल म्हणून इंग्लिश संडाससुद्धा बांधून घेतला. गुडघे धरत जिना चढून ती खोली झाडून येते. सांगून ऐकत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं मला तिकीट पाठवलं. निघताना आईनं बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया बांधून दिल्या आणि एकच काम सांगितलं. "त्याला नीट इचार, येनार हाय का न्हाई. आन काय आसंल ते मला खरं सांग. उगं गोड बोलू नको."

पहिल्याच दिवशी विचारून मोकळी होईन, असं मला वाटलं होतं. पण गड्यानं मला तोंडच उघडू दिलं नाही. इतिहासाच्या पेपरला पोटात दुखतंय म्हणून अंथरुणात पडून राहणारा हा मुलगा, गाइडसारखा मला शहरं दाखवत सुटला. मी सावेडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि मला इतिहासाचा मनापासून कंटाळा आहे. चांदबिबीचा महाल गच्चीवरून लांब दिसतो, पण तिथे मी जन्मात एकदा गेलेय, तेही सहलीतल्या पोरी हरवू नयेत म्हणून.

आधी वॉर्सा. तिथलं जुनं शहर पाहून मी म्हटलं, किती जुनं असेल हे. तो म्हणाला, "ताई, यातलं जुनं काहीच नाही." युद्धात जर्मन सैन्यानं ते ठरवून, घर न् घर पाडलं होतं. लोक परत आले तेव्हा नुसते विटांचे ढिगारे होते. मग फार पूर्वीच्या एका चित्रकारानं काढलेली शहराची चित्रं समोर ठेवून त्यांनी सगळं पुन्हा उभं केलं, रंग आणि खिडक्यांची नक्षी यांच्यासकट. मी एका भिंतीला हात लावून पाहिला. ती भिंत आमच्या आईपेक्षा फार मोठी नसेल.

मग क्राकूव. तिथे मोठ्या चौकातल्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला एक जण तुतारी वाजवतो आणि सूर मध्येच तोडतो. शत्रू चालून येतोय हे पाहून पहारेकरी तुतारी फुंकत होता, तेवढ्यात त्याच्या गळ्यात बाण लागला, अशी तिकडे गोष्ट सांगतात. सूर तुटला, खालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं आता विचारावं.

"तू येणार आहेस की नाही? आईला काय सांगू?"

"ताई, चल लवकर. राजवाडा बंद होईल," असं म्हणून तो पुढे चालायलाच लागला. भर चौकात त्याचा कान पिळावासा वाटला मला. राजवाडा मी पाहिला, पण त्यातलं एक दालनही आज आठवत नाही.

शेवटचे दिवस त्याच्या गावात, व्रोत्सवाफमध्ये. नदीचे फाटे, ढीगभर पूल, रंगीत घरांचा चौक आणि रस्त्यात जागोजागी ब्रॉन्झच्या बुटक्यांचे वीतभर उंचीचे पुतळे. हसू येण्यासारखं गाव आहे. पण त्यानं मला तिथून एका जुन्या, शेवाळी भिंतीच्या इमारतीत नेलं आणि जिन्यातच थांबला. भिंतीवर पुसट जर्मन अक्षरं होती. युद्धाआधी हे शहर जर्मनीत होतं, तो सांगायला लागला. हद्दी बदलल्या, तसं इथल्या जर्मन लोकांना बाहेर काढलं. पूर्वेकडचा पोलंडचा मुलूख दुसऱ्यांनी घेतला, तिथले लोक रेल्वेनं इथे आले आणि परक्यांच्या घरांत राहू लागले. कपाटं परक्यांची, ताटं परक्यांची. आपण उद्या परत जाऊ, म्हणून कित्येकांनी वर्षानुवर्षं गाठोडी सोडली नाहीत. भिंतीला खिळा ठोकायचा तर म्हणत, कशाला, जायचंच आहे.

"मग?"

"मग सोडली एक दिवस," तो म्हणाला. "मी पण चार वर्षं बॅगेतूनच कपडे काढायचो, ताई. वरच्या मजल्यावरचं घर मी विकत घेतलंय. आईला कसं सांगायचं ते मला कळत नाही."

मी त्याच्या मागोमाग वर गेले. दोन खोल्या, स्वयंपाकघरात ऊन आलेलं. मी पिशवी उघडून बाजरीचं पीठ डब्यात भरलं आणि भाकरी करायला घेतली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. भाकरी एकही धड झाली नाही.

मिरजगावला आल्यावर आईनं मला समोर बसवलं. माझ्याही तोंडून खरं निघेना. म्हणून आधी वॉर्साचं सांगितलं. "हुतं तसंच बांधलं?" तिला ते फार आवडलं. "लई चांगली मानसं म्हनायची." मग व्रोत्सवाफचं सांगितलं. गाठोड्यांपाशी आले तेव्हा ती शेंगा फोडायची थांबली.

"त्यातलं कुनी म्हागारी गेलं का?"

"नाही आई. त्यांची गावंच दुसऱ्या देशात गेली होती."

तिनं हातातली शेंग तशीच सुपात टाकली. मग म्हणाली, "ह्याचं गाव तर हितंच हाय की."

तिला कळलं होतं. मी घराबद्दल सांगितलं, तेव्हा तिनं फक्त मान हलवली आणि शेंगांचं सूप पुढे ओढलं. मला भावाचा इतका राग आला की त्या दिवशी त्याचा फोनच घेतला नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. ती म्हणाली, "घर दाव की मला." त्यानं घाबरत घाबरत मोबाईल फिरवला. ओटा, खिडकी, पलंग. "उजेड झ्याक येतो," ती म्हणाली. थंडीत काय पांघरतोस, शेजारी कोण आहे, दाराला कडी नीट आहे ना, असं सगळं विचारलं आणि "ऱ्हा सुखानं" म्हणून फोन माझ्या हातात दिला.

तासाभरानं त्यानं मला वेगळा फोन केला. मी अंगणात आले.

"आईनं आज विचारलंच नाही, ताई."

"काय?"

"कधी येतोस म्हणून. तिला सांग ना विचारायला," म्हणाला आणि रडू लागला.

इतकी वर्षं तिनं विचारलं तेव्हा हा दिवाळी सांगत राहिला. मला ते त्याला ऐकवायचं होतं, पण मलाही रडू आलं. आईला मी हे सांगितलेलं नाही. तिनंही त्यानंतर त्याला कधी विचारलं नाही.