आबांचा पावणा

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हंतात. मी घेते. लखन. त्यानं काय ठेवलंय आता लाजायला?

पर सांगायचंय ते सासऱ्यांचं, बहिरूआबांचं. आमची वाडी औंढे गावाच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठाला. पावसाळ्यात भुशीला फिरायला येणाऱ्यांना कणसं भाजून विकायची आन् बाकीचं वरीस गुरांमागं, ह्यात आबांची हयात गेली. आठ गुरं, आन् पाण्यावर जायला एकच पायवाट. ती वाट एका शेठच्या जागेतनं जाती. शेठनं तितं रिसॉर्ट काढलंय, रानातले तंबू म्हणं. एका रातीचं भाडं ऐकलं तर माणूस हितंच आडवा व्हईल. त्या शेठला वाट बंद करायची हुती. दोनदा जेसीबी आला, दोनी येळंला आबा गुरं घेऊन वाटंत बसले. "आदी माझ्यावरनं घाल," म्हणाले. डायवर बिचारा माघारी गेला.

लखन तितंच कामाला, पावण्यांच्या बॅगा उचलायला. एक दिस हसतच घरी आला. "आबा, शेठ नमले. वाट हाय तशी ठेवणारेत. आपल्याला तिघांना एक रात मुक्कामाला बोलावलंय, पावणं म्हणून."

आबा म्हंजे भोळा सांब. जो जेवायला बोलावतो तो दगा देत न्हाई, एवढंच त्यांना ठावं. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात कसं जायचं, म्हणून दोन शेर इंद्रायणी फडक्यात बांधली आन् धुतलेला सदरा घातला. रिसॉर्टच्या दारातल्या पोरीनं ते तांदूळ हसून घेतले आन् टेबलाखाली सारले.

अगं बाई, काय तो तंबू! भिंती कापडाच्या आन् आत गार हवेची मशीन. आंघोळीचा टब एवढा की म्हशीचं रेडकू बसंल. आबा गादीवर टेकले आन् लगीच उठले, "बुडतोय की गं मी!" मी लय हसले. जेवणात ठेचा आला तो चिमणीच्या घासाएवढा. जेवल्यावर आबांनी ताट धुवायला मोरी कुटंय विचारलं, तर वेटर येडाच झाला.

तेवढ्यात पल्याडनं घरघर ऐकू आली. आबांनी कान टवकारले. "लखन, हे काय रं?"

लखननं त्यांच्या पायावर शाल टाकली. "जनरेटर हाय, आबा. तुमी आराम करा."

माझ्या म्होरं म्हणाला. मेल्याची पापणीसुद्धा लवली न्हाई.

सकाळी घरी येऊन आबांनी गुरं सोडली. ती रोजच्या वळणावर जाऊन थांबली. वाटच नव्हती. माणूसभर खोल चर, त्याच्या पल्याड तारंचं कुंपण. पाणी समोर दिसतंय आन् गुरं हंबरत्यात. मी तशीच बोंबलत रिसॉर्टवर गेले. त्याच पोरीनं सांगितलं, "लखनदादा कालपासनं सुपरवायझर झालेत ना!"

आबांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्ये गुरं घेऊन औंढ्याला वळसा घालून पाण्यावर गेले, दुपार कलल्यावर आले. सांजंला लखन नव्या शर्टात दारात उभा. मी कोयत्याला हात घातला. आबांनी मला हातानंच थांबवलं. उठून पाय धुवायला पाण्याचा तांब्या ठेवला. पावण्यांसाठी ठेवलेली नवी वाकळ काढली, अंथरली.

"आबा, मी हाय की," लखन म्हणाला.

"या पावणं. बसा. जेवा, मुक्काम करा. सकाळी तुमच्या घरी जावा."

मी भाकरी थापली. लखननं घास घेतला, तो तोंडातच फिरत ऱ्हायला. डोळं भरलं हुतं त्याचं. आबा समोर बसून वाढत हुते. "घ्या की," म्हणत हुते, "लाजू नका."