छतांवरून उतरवलेल्या तबकड्या

रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात तास घेत होते. "ताई, लवकर निघा... शिरीष गेला." दर्यापूरला पोचले तर दादाच्या उशाशी तेच बसलेले.

शिरीषदादा माझा थोरला भाऊ. तो आणि रफिकभाई मिळून दर्यापुरात केबल टीव्ही चालवायचे. टीव्हीची गिऱ्हाईकं गळू लागली तसं दोघांनी घरोघरी इंटरनेट द्यायचं ठरवलं, पण कसं द्यायचं यावरूनच बिनसलं. रफिकभाईंना खांबांवरून फायबर ओढायचं होतं. दादा म्हणाला, "तारा ओढता ओढता म्हातारा होशीन. मी हवेतून देतो." भागीदारी मोडून त्यानं स्वतःचं दुकान विकलं, आमच्या गच्चीवर टॉवर उभारला, गावभरच्या छतांवर त्याचा सिग्नल पकडणाऱ्या तबकड्या बसवल्या. सुरुवातीला तोच पुढे होता. मग कडुलिंब वाढले, मध्ये नवे मजले चढले, वादळात तबकड्यांची तोंडं फिरली... आणि रफिकभाईंचं फायबर गल्लोगल्ली पोचलं. लोक तिकडे वळले. दादा बाजारातून जाणं टाळू लागला. लग्नातही पंगती उठल्यावरच पोचायचा, कुणी धंद्याचं विचारू नये म्हणून.

त्याची मुलगी मधुरा घरून नोकरीची मुलाखत देत होती. ऐन मुलाखतीत चित्र थिजलं. ती लॅपटॉप उचलून रफिकभाईंच्या दुकानात धावली आणि तिथं बसून मुलाखत पुरी केली. दादा मागोमाग गेला, पण बाहेरच थांबला.

"आत ये ना, काहून उभा हायेस?" रफिकभाई म्हणाले.

"कोन्या तोंडानं येऊ? माह्या पोरीले तुह्या दारात यावं लागलं..."

नोकरी तिला मिळाली. दादानं मात्र दुसऱ्या दिवसापासून शिडी घेऊन घरोघरच्या तबकड्या उतरवायला घेतल्या. "चुकलं माहं. रफिकची लाइन घ्या," एवढंच म्हणायचा. स्लॅबला पडलेली भोकं स्वतः सिमेंटनं बुजवायचा, पावसात गळू नये म्हणून. कुणी चहाचं विचारलं तर हात जोडून निघायचा. रफिकभाईंनी पुन्हा भागीदारीत बोलावलं, तर म्हणाला, "दया नको करू रे." त्यानंतर दोघं भेटत राहिले, पण दादानं त्यांच्याशी नजर कधी मिळवली नाही.

दादाला जाऊन महिना होत आला. परवा मी गच्चीवरची टॉवरची खोली आवरायला गेले. वाटलं होतं, आत भंगार असेल. पण धुळीत एका यंत्रावर हिरवा दिवा लुकलुकत होता. तेवढ्यात जिन्यावरून रफिकभाई वर आले.

"हे चालू कसं?"

"दूर शेतात एक गुरुजी राह्यतात, ताई. माही तार तिथं जात नाही. त्या एका घरासाठी शिरीषनं टॉवर चालू ठेवला होता. मले म्हने, कोनाले सांगू नको, लोक हासतीन."

मी त्या हिरव्या दिव्यावरची धूळ पुसली. मग विचारलं, "आता बंद करायचं का?"

त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "जुनी बॅटरी लवकर बसून राहिली, म्हनून नवी आनली." ते यंत्राशी वाकले. "जरा उजेड धरा, ताई."