बहिणीच्या खांद्यामागचा माणूस

माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं स्थळ एका माणसापायी मोडलं. तो माणूस नव्हताच, हे मी साऱ्या गावाला घसा कोरडा करून सांगितलं. ऐकतं कोण!

दिग्रसला माझा फोटो स्टुडिओ होता. रीळ जाऊन डिजिटल कॅमेरे येण्याचे दिवस होते. नागपूरहून मी एक सेकंडहँड कॅमेरा आणला, लेन्स बदलता येणारा, आणि मला माज चढला. चेहरा लख्ख यायचा आणि मागची झाडं, भिंती, वाळत घातलेली लुगडी, सगळं धूसर. असा फोटो गावात दुसरं कोणी काढत नव्हतं. कापसानं तेव्हा सगळ्यांचीच दैना केली होती. ठरलेली लग्नं लांबत होती, आणि नोकरीवाला पोरगा दिसला की त्याच्या घरी पोरीवाल्यांची रांग लागायची. बहिणीचं वय वाढत चाललं होतं, आणि माय रोज तोच विषय ताटात वाढायची. म्हणून मी बहिणीला मागच्या अंगणातल्या कडुनिंबासमोर उभं केलं आणि अगदी मन लावून तिचा फोटो काढला.

मायचा एक चुलतभाऊ स्थळं जुळवायचा. तो आमचा मामा. मामा फोटो घेऊन पुसदला गेला आणि चार दिवसांत परत घेऊन आला.

“पोरगी पसंत हाये,” तो म्हणाला. “पण ते इचारून राह्यले, मागं उभा हाये तो कोन?”

मी फोटो पाहिला. बहिणीच्या खांद्यामागे, त्या हिरव्या धुरकटात, एक करडा गोल डाग होता. नीट पाहिलं की डोकं वाटायचं. आणखी नीट पाहिलं की खाली खांदे. मी म्हटलं, डाग आहे. मामा म्हणाला, “डागाले खांदे असते काय?” पुढचं स्थळ घाटंजीचं. त्यांना त्याच फोटोत मिशीही दिसली.

मी जुने फोटो उघडून बसलो. हा बाबा सगळीकडे हजर. निवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या मागे, बारशातल्या बाळाच्या मागे, बक्षीस मिळालेल्या म्हशीच्या मागे, आणि सगळीकडे त्याच एका कोपऱ्यात. बाजाराच्या फोटोत तेवढा दिसत नव्हता, कारण तिथल्या गर्दीत तो लपून जायचा. मागचं सपाट आणि धूसर असलं की उघडा पडायचा. मग माझी ट्यूब पेटली. कापूस खरेदी सुरू होताना वजनकाट्याची पूजा होते, तिथे मी उघड्या आवारात उभ्याउभ्या लेन्स बदलली होती, आणि शेजारच्या, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमधून रुई उडत होती. त्यातलाच एखादा तंतू आत जाऊन, फोटो उमटतो त्या काचेवर ठाण मांडून बसला होता.

पुरावा मिळाला म्हणून मी खुशीत सगळे फोटो मामापुढे टाकले. मामानं चष्मा लावून एकेक निरखला.

“म्हंजे हा तुह्याच संगं फिरते,” तो म्हणाला. “मंग तुह्या घरी त्याचं येणंजाणं असनच ना, बाप्पा.”

झालं. आठवडाभरात गावाला माझा एक दोस्त मिळाला. पानठेल्यावर लोक त्याची खुशाली विचारायला लागले. मी आभाळाचा फोटो काढून दाखवला. लेन्सचं तोंड बारीक केलं होतं, त्यामुळे त्यात तो डाग आवळून स्पष्ट तंतू दिसत होता. मामा म्हणाला, “वरतं बी गेला काय?” एक दिवस भाकर थापताथापता मायनंसुद्धा विचारलं, “बाबू, जातीतला तरी हाये का रे तो?” माझं डोकं असं सणकलं की मी जेवलो नाही.

बहीण आधी हसायची. पुढे तिनं शिवणाच्या क्लासला जाणं सोडलं, कारण बाया बोलायच्या थांबून तिच्याकडे पाहायच्या. ते मला फार लागलं. मी मेडिकलमधून कान धुवायचा रबरी फुगा आणला, कॅमेरा उलटा धरून आत फुस्स फुस्स हवा मारली, आणि तंतू गेला. त्याच कडुनिंबासमोर पुन्हा फोटो काढला. स्वच्छ, निर्मळ. तो मामानं पांढरकवड्याच्या एका घरी दिला. पोरगा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. पण पहिला फोटो फिरतफिरत त्यांच्याकडे आधीच पोचला होता. निरोप आला, “आता काहून नाही दिसत तो? सोडून गेला का पोरीले?”

बहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. “दादा,” ती म्हणाली, “जो नव्हताच, त्यानं बी टाकलं मले.”

तरी ती मंडळी पाहायला आली. पोह्यांच्या बशीशेजारी पोराच्या आईनं दोन्ही फोटो मांडले. “याच्यात हाये, याच्यात नाही. खरं काय ते सांगा.”

मी तयारच होतो. कॅमेरा, रबरी फुगा, आभाळाचा फोटो, सगळं घेऊन बसलो होतो. घसा खाकरून मी सुरुवात केली, तोच बहिणीनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

“होता,” ती म्हणाली. “आता नाही.”

मामाच्या घशात पोहे अडकले. मायनं डोळे मिटले.

“काय करे तो?” पोराच्या आईनं विचारलं.

“कापसात होता. टिकला नाही.”

ती बाई बराच वेळ मान हलवत राहिली. “कापसातला कायचा टिकते,” ती म्हणाली. मग मायकडे वळली. “पोरगी खरं बोलनारी हाये. तुमचा हा पोरगा तं मले आभाळाचे फोटो दाखवून राह्यला होता.”

लग्न ठरलं. झालंही.

पुढे एका दिवाळीला मी पांढरकवड्याला गेलो होतो. चहा पिताना जावई खुर्ची जवळ ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “दादा, एक इचारू? त्याचा तो धुरकट फोटो अजून तिच्या पेटीत हाये. दिसायले कसा होता तो?”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं ऐकून घ्यायला बसलं होतं. आभाळाचा तो फोटो माझ्या पाकिटातच होता. मी पाकिटात हात घातला, आणि मला दारात उभी असलेली बहीण दिसली. अंगावर नवं लुगडं, हातात फराळाचं ताट. दर रविवारी जावई तिला सायकलवर बसवून बाजाराला नेतात, कोणाशी तरी शर्यत असल्यासारखं तिला काही कमी पडू देत नाहीत, हे मायनं मला आधीच सांगितलं होतं. बहिणीनं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. नको.

मी पाकीट परत खिशात ठेवलं.

“उंच होता,” मी म्हटलं.